जज्जबाईंच्या टेबलावरची भाषा

पानं वाटून झाली की जज्जबाईंच्या टेबलावर एकच भाषा चालायची, आणि ती टेबलावरच्या प्रत्येकाला कळणारीच हवी. बाकी सगळे मराठी आणि एकटा ओडिशाचा असला, तर हिंदी. कुणाच्या तोंडून दुसऱ्या भाषेतला एक शब्द जरी निसटला, तरी जज्जबाई त्याच्या पानांवर तळहात दाबून धरायच्या आणि म्हणायच्या, "हात मेला." मग त्या हातात एक्के असोत नाहीतर काहीच नसो. अपील नाही. जज्जबाई हे नाव त्यांना त्यावरूनच पडलं होतं.

त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे उमेदीची सारी वर्षं दौंडच्या क्वार्टरमध्ये गेली. यजमान वारल्यावर त्या सणसवाडीला माहेरी परतल्या आणि वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा मागितला. "बहिणीनं साडीचोळी घ्यावी, हिस्सा न्हाई," असं समजवायला भावकी घरी आली. बाईंनी भावकीला चहा पाजला आणि हिस्सा घेतला. त्यावर भाड्याच्या खोल्या बांधल्या. त्यांतल्या एका खोलीत मी राहायचे. माझं घर इनामगावला, नोकरी रांजणगावच्या कंपनीत. शिफ्टच्या गाडीला गावाकडून वेळेवर पोचणं जमेना, म्हणून इथं खोली घेतलेली. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. त्या दुपारी खोल्यांपुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये पत्त्यांचा डाव बसायचा.

खेळ पोकरचा. प्रत्येकाच्या हातात दोन पानं झाकलेली, मधे पाच उघडी, आणि त्यावर बोली. दौंडच्या क्वार्टरमध्ये शेजारच्या ड्रायव्हरच्या बायकोनं त्यांना तो शिकवला होता. पैसे मात्र वर्ज्य. बोली शर्टाच्या बटणांची. "पैसा लावला की मानूस समोरच्याचं तोंड बघत न्हाई, खिसाच बघतो," असं त्यांचं म्हणणं.

भाषेचा नियमही दौंडचाच. नवीन लग्न होऊन गेल्या तेव्हा क्वार्टरमधल्या परप्रांतीय बायका पत्ते खेळताना आपसांत आपल्या भाषेत बोलायच्या आणि हसायच्या. "माझ्या पानांना हसत्यात का माझ्या लुगड्याला, कळायचं न्हाई. मग मीबी हसायची त्यांच्यासंगं. येड्यावानी," त्या एकदा मला म्हणाल्या. पुढं कधी टेबल आपलं झालं, तर तिथं कुणाला असं हसावं लागणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं.

नियम मोडणारा कोण, हे त्या बघायच्या नाहीत. बिहारचा मुकेश आणि त्याचा रूमपार्टनर भोजपुरीत कुजबुजले, हात मेला. एचआरचे एक साहेब फोनवर इंग्रजीत सुरू झाले, हात मेला. त्यांची स्वतःची हिंदी ऐकून तर मुकेश तोंड फिरवून हसायचा. "पत्ता लपाव मत, नीट पकड," असली ती हिंदी. पण बोलायच्या ठणकावून. बाकीचे शिष्टाचारही कडक होते. हरणाऱ्यानं पानं आपटायची नाहीत. जिंकणाऱ्यानं बटणं ओढताना समोरच्याकडं बघून हसायचं नाही. पानं टाकून पॅक केलेल्याला, तुझ्याकडं काय होतं, असं विचारायचं नाही. "पान झाकायचं, मानूस झाकायचा न्हाई," त्या म्हणायच्या.

मग एका गुरुवारी बापू आला. बापू म्हणजे त्यांच्या भावाचा मुलगा. कंपन्यांना कामगार पुरवायचं काँट्रॅक्ट त्याचं, आणि मुकेश त्याच्याच काँट्रॅक्टवर. "आत्या, आमालाबी वाट की," म्हणत तो बसला. त्याचा ड्रायव्हर सहज उभा राहावा तसा मुकेशच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला.

मुकेशनं बोली वाढवली. बापू विचारात पडला. तेवढ्यात पाठीमागून ड्रायव्हर म्हणाला, "घर रिकामं हाय बापू, घुसा बिनधास्त."

मुकेशच्या हातात काही नव्हतं, तो नुसता आव आणत होता. बापूनं सगळी बटणं पुढं ढकलली. आजूबाजूचे हसले. मुकेशला काही कळलं नाही, पण सगळे हसतात म्हणून तोही हसला.

जज्जबाईंचा तळहात बापूच्या पानांवर पडला. "हात मेला."

"आत्या, ह्ये आपलं गाव हाय," बापूचा आवाज चढला. "हितं मराठीच बोलनार. ह्या भायेरच्यांसाठी मी हिंदी बोलू व्हय?"

"मराठी बोल की. मोठ्यानं बोल, त्याच्या तोंडावर बोल, त्याला शिकव. पन पाठीमागनं त्याची पानं फोडायला माझी भाषा वापरायची न्हाई. चोरी करायला ठेवली न्हाई ती."

बापू खुर्ची लाथाडून गेला. संध्याकाळपर्यंत खोल्याखोल्यांत निरोप फिरला: आत्याच्या टेबलावर जो बसेल, त्याचा गेट पास बंद.

पुढच्या गुरुवारी शेडमध्ये जज्जबाई आणि मी, दोघीच. मी कंपनीची ट्रेनी, माझा गेट पास बापूच्या हातात नव्हता. आम्ही दोघींनी डाव खेळला. त्याच्या पुढच्या गुरुवारी मात्र त्यांनी टेबलाची एक बाजू स्वतः उचलली, दुसरी मला धरायला लावली आणि टेबल शेडमधून काढून रस्त्याच्या कडेला मांडलं, बापूच्या ऑफिसच्या बरोबर समोर. "घाबरून आत बसलो, असं कुनी म्हनायला नको," त्या म्हणाल्या.

उन्हात आम्ही दोघी खेळत बसलो. येणारेजाणारे गाड्या हळू करून बघत होते. बापू ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. आणि खोल्यांच्या बाजूनं मुकेश चालत आला. त्यानं खुर्ची ओढली आणि अडखळत, पण मराठीत म्हणाला, "जज्जबाई, पानं वाटा."

"सोचके बैठ, बाबा. तेरा काम जायेगा."

"जाऊ द्या."

त्यांनी पानं वाटली. दुसऱ्या दिवशी मुकेशचं काम गेलं. तिसऱ्या दिवशी जज्जबाई त्याला घेऊन एसटीनं दौंडला गेल्या, तिथंच दिलेल्या आपल्या लेकीच्या ओळखीनं एका वर्कशॉपमध्ये त्याला चिकटवलं आणि मगच परतल्या. त्यानंतर एकेक करून सगळे टेबलावर आले. इतक्या जणांना काढलं तर कंपनीच्या लाइनवर उभं कुणाला करायचं, हे बापूलाही कळत होतं.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला बापू उभा राहिला, तेव्हा पाया पडायला आला. आत्या प्रचारात दिसली तर भावकीत बरं दिसेल, असा हिशेब. जज्जबाईंनी पाय मागं घेतले. "आदी दौंडला जा. त्या पोराची माफी माग. मग ये, मी तुझ्या गाडीत पुढं बसते." बापू दौंडला गेला नाही. बापू निवडून आला. जज्जबाई त्याच्याशी पुन्हा बोलल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. झोपेतच. लेक दौंडहून आली, बरोबर मुकेशही आला. अंगणात सारं गाव जमलं होतं. तिरडी उचलायची वेळ झाली तसा बापू टोपी सारखी करून पुढं सरसावला. रक्ताचा भाचा, शिवाय ग्रामपंचायतीचा सदस्य. लोकांनी वाट करून दिली.

लेक आडवी आली. "दादा, तुम्ही मागनं या. आईनं सांगून ठेवलंय."

कुणीतरी म्हातारं पुटपुटलं, "आगं, बरं दिसत न्हाई."

"नसू द्या," ती म्हणाली, आणि मुकेशला हात करून पुढं बोलावलं. त्यानं पुढचा खांदा दिला. बापू मागं सरला. मग चपला काढून, खाली मान घालून, आम्हा बायकांच्याही मागून चालू लागला.