हॅलोबाईंची व्हिडिओ कॉन्फरन्स

पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीच्या शाखेत टेलिफोनच्या बोर्डवर बसणाऱ्या बाईंना सगळे हॅलोबाई म्हणत. खरं नाव मस्टरवर होतं आणि ते तिथेच राहिलं. चोवीस वर्षं जिन्याखालच्या खोलीत बसून त्यांनी अख्ख्या ऑफिसचं बोलणं जोडून दिलं होतं. कोणाचं कोणाशी फाटलंय, कोण मीटिंगच्या नावाखाली कुठे जातो, सगळं त्यांच्या कानांवरून गेलेलं. पण त्यातलं अवाक्षर कधी बाहेर पडलं नाही. अशा माणसाला ऑफिसात मान हवा. हॅलोबाईंना एक टेबलफॅन मिळाला होता, तोही हिशेब खात्याने टाकून दिलेला.

त्या वर्षी मुख्य कचेरीतून जास्तीची पदं कमी करण्याची पत्रं यायला लागली, तशी हॅलोबाईंची झोप उडाली. पंचवीस वर्षं भरली की पूर्ण पेन्शन, आणि त्यांचे अकरा महिने कमी पडत होते. नवऱ्याचं दुकान बसलेलं, मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. बढती नको, सत्कार नको, एवढे अकरा महिने सरकू देत, असं त्या कोणीही न विचारता मनात म्हणत असत.

त्यातच ते खोकं आलं. आत लिंबाएवढा कॅमेरा, एक मायक्रोफोन, एक मोडेम, एक सीडी आणि उशाला घेता येईल असं जाडजूड पुस्तक. पंधरा दिवसांनी मोठे साहेब मुख्य कचेरीत बसून कॉम्प्युटरच्या पडद्यावरून शाखेशी बोलणार होते. मॅनेजरसाहेबांना यंत्रांची भारी हौस, म्हणजे यंत्राशेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायची. त्यांनी पुस्तकाचं पहिलं पान वाचलं, चष्मा पुसला, परत पहिलं पान वाचलं आणि हॅलोबाईंना बोलावलं. यात फोनची तार घालायची आहे, म्हणजे हे काम तुमच्याच खात्यातलं, असा त्यांनी निवाडा केला. मग दार लोटून घेतलं.

"बाई, एवढं लावून द्या," ते म्हणाले. "तुमच्या पदाला कोण हात लावतो ते मी बघतो."

हॅलोबाईंनी जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातात आणि पुस्तक दुसऱ्या हातात धरून ते यंत्र लावायला घेतलं. सीडी कॉम्प्युटरला काही केल्या पचेना. चौथ्या खेपेला कॅमेऱ्याचा दिवा लागला आणि पडद्यावर एक पोट दिसलं. कॅमेरा खाली झुकला होता आणि समोर मॅनेजरसाहेब उभे होते. हे कोणाचं, असं त्यांनी विचारलं. हॅलोबाईंनी कॅमेरा हलकेच वर केला.

पुढे घोडं अडलं ते नंबरावर. मोडेम फोनच्या तारेवरून शिट्ट्या मारत, खरखरत इंटरनेटला लागे, आणि लागला की कॉम्प्युटरला टिंबांनी तोडलेला एक लांबलचक नंबर मिळे. समोरच्याने तो नंबर टाकला तरच चित्र जुळणार. पहिल्या दिवशी मिळालेला नंबर मॅनेजरसाहेबांनी 'शाखेचा कायमचा व्हिडिओ नंबर' म्हणून परिपत्रक काढून सगळ्या खात्यांत फिरवला, आणि पेंटरला बोलावून आपल्या दारावरच्या पाटीवर रंगवून घेतला. रंग वाळायच्या आत लाइन तुटली. परत लावली तर नंबर दुसराच. तो दर वेळी बदलतो, हे पुस्तकाच्या चाळिसाव्या पानावर होतं; साहेब अजून पहिल्यावर होते.

म्हणजे दर वेळी नवा नंबर कोणीतरी मुख्य कचेरीला फोन करून कळवायला हवा. हॅलोबाईंनी तो तिकडच्या ऑपरेटरला कळवला. दोघी वीस वर्षं रोज बोलत होत्या, पण एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. पडद्यावर तुकड्यातुकड्याने चेहरा गोळा झाला, आधी कपाळ, मग चष्मा. हॅलोबाईंच्या मनात ती उंच आणि शिडशिडीत होती. निघाली त्यांच्यासारखीच गुबगुबीत. दोघी हसल्या, आणि ते हसू पलीकडे पोचायला पाच सेकंद लागले. त्या क्षणी हॅलोबाईंना ते यंत्र मनापासून आवडलं.

आवाजाची मात्र बोंब होती. एकाच तारेतून चित्र आणि आवाज दोन्ही जायचे, ते दारात दोन जाडी माणसं एकदम घुसल्यासारखं व्हायचं. शब्दांची नुसती शकलं येत. दोन दिवस उरले तेव्हा मॅनेजरसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. तोड काढली ती हॅलोबाईंनीच. ऑफिसात बाहेरच्या लाइनी दोन. एकीवर मोडेम राहू दे. दुसरीवर साधा स्पीकरचा फोन लावायचा आणि पडद्यामागे लपवायचा. तिकडची ऑपरेटरही तिच्या बाजूला तसंच करेल. चित्र यंत्राचं, आवाज टेलिफोनचा. मोठ्या साहेबांना सांगायची गरज नव्हती, कारण मोठे साहेब तारांकडे बघत नसतात. मॅनेजरसाहेबांनी आधी तत्त्वाचा मुद्दा काढला, मग खिडकीबाहेर पाहिलं, मग ही कल्पना आपल्याला कालच सुचली होती असं सांगितलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी अकराला हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. मॅनेजरसाहेब नवा कोट घालून पुढे, सगळा स्टाफ मागे आणि पडद्याशेजारी स्टुलावर हॅलोबाई. मोठे साहेब पडद्यावर अवतरले. आवाज आधी येई आणि तोंड मागाहून हले. त्यांनी विज्ञानाचं कौतुक केलं, स्वतःच्या दूरदृष्टीचं जरा जास्त केलं आणि विचारलं, की टेलिफोनवर कधी इतका स्वच्छ आवाज ऐकला होता का? शक्यच नाही, असं मॅनेजरसाहेब म्हणाले. मागच्यांनी री ओढली.

मग मोठ्या साहेबांनी कागद हातात घेतला.

"अशी सोय झाल्यावर टेलिफोन बोर्डाचं काही काम उरत नाही. तुमच्या मॅनेजरांनी स्वतःच तशी शिफारस पाठवली आहे. एक तारखेपासून ऑपरेटरचं पद रद्द. ऐकू आलं ना सगळ्यांना?"

आलं होतं. कानाकोपऱ्यात आलं होतं. मॅनेजरसाहेब छताचा पंखा न्याहाळत होते. हॅलोबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पद गेलं याचं दुःख होतंच. पण हे वाक्य आपणच आपल्या लाइनीवरून इतकं सुबक आणून चारचौघांना ऐकवलं, हे त्यांना सहन होईना. त्यांनी पडद्यामागचा फोन ओढून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. पूर्वी लांबचा फोन तीन मिनिटांचा असे आणि वेळ भरली की ऑपरेटर मध्येच बोलत असे. तोच जुना, थंड सूर त्यांनी लावला.

"साहेब, तीन मिनिटं झाली," असं म्हणून त्यांनी लाइन तोडली.

पडद्यावर मोठ्या साहेबांचं तोंड हलतच राहिलं, धक्के खात, बिनआवाजाचं. मागच्या खुर्च्यांतून कोणीतरी फिसकलं. बाई, जोडा परत, असं मॅनेजरसाहेब दातांतल्या दातांत म्हणाले.

"पद रद्द झालंय, साहेब."

ते एक तारखेपासून, आज वीसच आहे, असं साहेब काकुळतीला येऊन सांगू लागले, तोवर हॅलोबाई जिना उतरून खाली गेल्या होत्या. अकरा महिने काही त्यांना मिळाले नाहीत, हे इथेच सांगून टाकावं. एक तारखेला पद गेलं आणि पेन्शन अर्धवट राहिली.

पण वीस तारखेला त्या आपल्या खुर्चीत बसल्या तेव्हा बोर्डवर बाहेरच्या लाइनीचा दिवा लागला होता. तिकडची ऑपरेटर होती. साहेब बोलतायत, देते, एवढं सांगून तिने जोडून दिलं. मोठे साहेब कडाडले, की आवाज का गेला, आणि तुमच्या मॅनेजरला ताबडतोब फोनवर द्या.

हॅलोबाईंनी पाण्याचा एक घोट घेतला.

"ते व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये आहेत, साहेब," त्या म्हणाल्या. "मध्ये फोन देता येत नाही. लाइनीवर थांबता?"