अंधाऱ्या खोलीतले ठिपके

मुंबईजवळच्या शिरगावात आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहायच्या. नव्वदच्या दशकात मुंबईच्या एका इस्पितळात त्या रक्तातल्या पेशी ओळखणाऱ्या यंत्रावर काम करत. संध्याकाळी घरी आल्या की दिवा न लावता गच्चीत बसून राहत. मी गेले की म्हणत, "बसा वहिनी. डोळे अजून यंत्राच्या अंधाऱ्या खोलीतच आहेत."

मग हळू आवाजात, मधेच हरवत, सांगत. अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडलेला असतो आणि ती ठराविक जातीच्या पेशीलाच चिकटते. पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात आणि क्षणभर उजळतात, कुणी हिरवी, कुणी केशरी. "पडद्यावर ठिपक्यांचे ढग जमतात हो," असं म्हणताना त्यांचा हात हवेत तरंगत राही. रक्त कुणाचं, निकाल काय, हे मात्र त्या कधीच बोलत नसत.

एकदा आमच्या यांचा ताप उतरेना. डॉक्टरांना रक्ताच्या कॅन्सरची शंका आली आणि नमुना वरच्या बाईंच्याच यंत्रावर गेला. त्या संध्याकाळी त्या थेट आमच्याकडे आल्या, यांच्याशी टोमॅटोच्या भावावर बोलल्या, चहा प्यायल्या. दारात मी विचारलं, "दिसलं का काही?"

"ते डॉक्टर सांगतील." चपला घालता घालता त्या थांबल्या. "उद्या मी रजा टाकलीय, वहिनी. तुमच्याबरोबर येते."

मला कळलं.

कॅन्सर कुठल्या पेशींचा ते नेमकं समजल्यामुळे योग्य औषध लगेच सुरू झालं, आणि पुढे हे बरे झाले. पण डॉक्टरांचं त्या दिवशीचं बोलणं मला आठवत नाही. शेजारी बसून बाईंनी माझा हात धरला होता, आणि डॉक्टर बोलून उठेपर्यंत तो सोडला नाही.