डाव्या बाजूची पिवळी नळी

जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर, शेजारणीच्या सांडग्यांपासून थोड्या अंतरावर, माझ्या रबरी नळ्या वाळत असतात. शेजारीण अजूनही विचारते, "नळाला पाणी कधी येईल त्याचा पत्ता नाही, आणि तुम्ही बुडायला कुठं जाता हो?" मी हसून सांगतो, उजनीला. कशासाठी जातो ते सांगत नाही. सांगितलं तर उद्यापासून ती गच्चीवर सांडगे घालायची नाही.

आम्ही बुडालेली माणसं वर काढतो. विहिरीतून, शेततळ्यातून, धरणाच्या फुगवट्यातून. हा काही माझा धंदा नाही. माझं होज पाईपचं दुकान आहे. जेसीबी, ट्रॅक्टर, कारखान्यांची मशीनं यांच्या नळ्या फुटल्या की लोक माझ्याकडे येतात. माझा जोडीदारही असाच आला होता. टेंभुर्णीकडचा, स्वतःचा जेसीबी चालवणारा, डावखुरा आणि तोंडाळ. फुटलेली नळी काउंटरवर आपटून म्हणाला, "तुमचीच हाय. लई दिस टिकंल म्हनला होता की." भांडण झालं, चहा झाला, आणि वर्षभरात आम्ही दोघं मालवणला जाऊन पाण्याखाली श्वास घ्यायला शिकून आलो. त्याच्या गावातला एक जण फुगवट्यात बुडाला होता आणि घरच्यांना फार दिवस वाट पाहावी लागली होती. ते त्याच्या मनातून जात नव्हतं.

पाण्यात उतरणाऱ्याच्या पाठीवर सिलेंडर असतो आणि सिलेंडरमधून नळ्या निघतात. एक स्वतःच्या तोंडात. एक काट्याची, हवा किती उरली ते दाखवणारी. आणि एक जादाची, जोडीदारासाठी. त्याची हवा संपली किंवा काही बिघडलं, तर त्यानं ती ओढून तोंडात धरायची. ही नळी पिवळी असते, चटकन दिसावी म्हणून. उजनीच्या गाळात स्वतःचा तळहात दिसत नाही, तिथं पिवळी काय आणि काळी काय. तिथं एकाच गोष्टीला किंमत असते: ती कुठं आहे, हे जोडीदाराच्या हाताला ठाऊक पाहिजे. हात चुकला तर माणूस गेला.

मालवणला ती नळी उजवीकडे लावायला शिकवतात. आम्ही ती माझ्या डावीकडे घेतली. कारण साधं होतं. आम्ही शेजारी शेजारी सरकत तळ चाचपायचो; तो माझ्या डावीकडे, त्याचा डावा हात बाहेर, माझा उजवा हात बाहेर. आतल्या हातांनी एकमेकांचा पट्टा धरलेला. म्हणजे त्याला लागलीच तर ती नळी माझ्या छातीच्या डाव्या बाजूला लागणार. पण डावीकडून आणलेली नळी उलटी बसते आणि साध्या माउथपीसातून हवेबरोबर पाणीही येतं. दोन्ही बाजूंनी चालेल असा माउथपीस शोधायला आम्ही किती कॅटलॉग चाळले! नळी हातभर लांब घेतली, काट्याची नळी पोटाजवळ क्लिपनं अडकवली. सगळं मनासारखं झाल्यावर त्यानं माझ्या छातीवर दोन थापा मारल्या. तीच आमची खूण ठरली. डावीकडे दोन थापा म्हणजे हवा दे.

पाण्यात त्याला ती कधीच मागावी लागली नाही.

असंच एक काम उरकून आम्ही परत येत होतो. मोडनिंबच्या पुढे हायवेलगतच्या हॉटेलात चहाला थांबलो. दुपारची वेळ, बाहेर ऊन रणरणत होतं. तो जेसीबीचं भाडं थकवणाऱ्याला शिव्या घालत होता आणि मधेच थांबला. कपातला चहा सांडला. तोंड उघडलं, पण श्वास आत जाईना. आणि त्याचा हात माझ्या छातीवर आला. डावीकडे. दोन थापा.

तिथं शर्टाचा खिसा होता. खिशात पेन होतं आणि दुकानाची किल्ली.

दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हार्ट अटॅक म्हणाले. सगळीकडे हवाच हवा, पंखा गरगरत होता, आणि हा माणूस माझ्याकडे हवा मागून गेला. त्या दिवसापासून माझ्या छातीची डावी बाजू माझी राहिलेली नाही. शर्टाला तिकडे खिसा असला की मी तो शर्ट घालत नाही. बायकोनं दोन-तीन शर्टांचे खिसे उसवून दिले, कारण विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याची धाकटी बहीण दुकानात आली. मुलींना पोहायला शिकवते, आणि भावाच्याच नादानं मालवणचं शिक्षणही तिनं पुरं केलेलं. मला म्हणाली, "दादा, आण्णाच्या जागेवर मी येते." मी नाही म्हणालो. ती रोज येऊन स्टुलावर बसू लागली. गिऱ्हाइकांना तीच नळ्या दाखवायला लागल्यावर मी हात टेकले.

माझं सामान तिनं नीट पाहिलं. "नळी उजवीकडं घ्या की. मी उजवी हाय. मी तुमच्या उजव्या अंगाला ऱ्हाणार."

"ती तिथंच राहील," मी म्हणालो. "तू डावीकडे राहायला शीक."

मोडनिंबजवळच्या ओळखीच्या एका खोल विहिरीत आम्ही सरावाला उतरलो. मी डोक्यात राख घालून बसलेलो, ती मुकाट डावीकडे. तळाशी गाळ उसळला, अंधार झाला, आणि डाव्या हातानं चाचपणं जमेना म्हणून ती वळून कधी माझ्या उजवीकडे आली ते मला कळलंही नाही. ठरल्याप्रमाणे तिनं स्वतःचा माउथपीस काढला आणि माझी जादाची नळी शोधू लागली. तिचा हात माझ्या उजव्या छातीवर, खांद्यावर, गळ्यापाशी फिरत होता. मी डावीकडची नळी काढून द्यायला जाईपर्यंत तिनं मला लाथ मारून वरचा रस्ता धरला होता.

पायऱ्यांवर बसून ती खोकत होती. मग तिनं मला चांगलंच फैलावर घेतलं. "आण्णा गेलाय, दादा. त्येला आता नळी लागत न्हाय. मला लागती. तुमी कुनाला घिऊन उतरता पान्यात, त्येला का मला?"

मला लाज वाटली, आणि रागही आला, कारण तिचं बरोबर होतं. त्याच संध्याकाळी गच्चीवर बसून मी नळी सोडवली. उजव्या काखेखालून घेतली, छातीच्या उजव्या बाजूला क्लिप लावली. ती शेजारी बसून बादलीत कडुनिंबाचा पाला कुस्करत होती. काम झालं की माउथपीस त्या पाण्यात बुडवून ठेवायचे, ही तिच्या भावाची पद्धत. मसणातून आल्यावर आपण पाला चावतो, मग ह्यांनी का चावू नये, असं तो म्हणायचा. मी जॅकेट चढवलं. तिनं डोळे मिटून माझ्या उजवीकडे दोन थापा मारल्या आणि पहिल्याच झटक्यात नळी तिच्या हातात आली. डावीकडचा पट्टा मोकळाच राहिला. मी तिथं हात न लावता जॅकेट उतरवलं.

मग फुगवट्यावरून बोलावणं आलं. जाळं टाकताना होडी उलटून एक जण बुडाला होता. काठावर त्याच्या घरची माणसं उन्हात उभी होती. आमच्या पथकातली दुसरी जोडी होडीत थांबली आणि आम्ही उतरलो. ती उजवीकडे, तिचा उजवा हात बाहेर. मी डावीकडे, आणि आता माझा डावा हात बाहेर. तळाचा गाळ भाकरीच्या पिठासारखा मऊ. कानात फक्त बुडबुडे. बोटांना जाळ्याचा दोरा लागला, बाभळीचं जुनं खोड लागलं.

आणि डाव्या छातीवर थाप पडली. मी थांबलो. दुसरी थाप पडली.

जाळ्याचं शिसं असेल, मासा असेल, लोक काय वाटेल ते सांगतील. मला तो हात ओळखता येतो. मी जादाची नळी शोधायला डावीकडे हात घातला आणि तिथं काही नव्हतं. पुन्हा काही नव्हतं, खिशासारखं. मग मी विचार केला नाही. स्वतःच्या तोंडातला माउथपीस काढला आणि डावीकडे, काळोखात, हात लांब करून धरला.

किती वेळ धरला ते माहीत नाही. भीती अजिबात वाटत नव्हती, हे मात्र आठवतं. नळीतून हवा धो धो वाहत होती. मग उजवीकडून एक हात माझ्या छातीवर आला, थेट क्लिपवर, आणि काहीतरी माझ्या दातांवर जोरानं आदळलं. कडू लागलं. कडुनिंबाचं कडू. मी श्वास घेतला.

वर आल्यावर तिनं होडीची कड धरली आणि माझ्या डाव्या हातात अजून धरलेल्या माउथपीसाकडे पाहिलं. आमची दुसरी जोडी पाण्यात उतरली. काठावरची माणसं आमच्या रिकाम्या हातांकडे पाहत होती. ती ओरडेल असं मला वाटलं, आणि तिनं ओरडायलाच हवं होतं.

तिनं हळूच विचारलं, "हवा घेतली का आण्णानं?"

माझ्या तोंडात अजून कडू होतं. मी म्हणालो, "घेतली."

मग ती होडीच्या कडेवर कपाळ टेकून रडली, त्याच्या मातीलाही न रडलेली.