फ्लॅट आमचा, अंगण आबांचं

नात्यात कुणी पहिल्यांदा फ्लॅट घ्यायला निघालं की त्याला माझ्याकडे धाडण्याची आमच्याकडे रीत पडली आहे. मी वकील नाही, जन्मभर कर्जतला मुलांना भूगोल शिकवला. पण आमचा पहिला फ्लॅट भाडेपट्ट्याच्या जमिनीवरचा होता आणि तिथे जे शिकले, ते कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. कर्जतजवळ दहिवलीत तेव्हा फ्लॅट म्हणजे अपूर्वाईच होती. दोन मजली इमारत, सहा बिऱ्हाडं, प्रत्येकाच्या घरात संडास आणि मोरीत नळ! आमचे हे खोपोलीला कारखान्यात होते. त्यांना एवढी हौस, की बिल्डरने "जमीन तेवढी नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्यावर आहे, बाकी सगळं तुमचंच" असं सांगितलं तेव्हा त्यांनी नुसता हिशेब केला.

"पट्टा संपेल तेव्हा मी एकशे बत्तीस वर्षांचा असेन. तेव्हाचं तेव्हा बघू."

'बाकी सगळं' म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. नव्या लोकांना मी पहिला प्रश्न हाच विचारायला सांगते.

जमिनीचे मालक म्हणजे आबा. सत्तरीचे, धोतर-बंडीतले, भातशेती करणारे. इमारत उभी होती तिथे पूर्वी त्यांचं खळं होतं. वाडवडिलांची जमीन विकायला मन होईना म्हणून त्यांनी ती पट्ट्याने दिली होती. आम्ही राहायला आलो त्या दिवशी ते अंगणात येऊन उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "सुखानं ऱ्हावा. काय लागलं तर सांगा. जमीन माजीच हाय."

आम्हाला ते स्वागत वाटलं. ती सूचना होती, हे भात कापणीनंतर कळलं. एका सकाळी उठून पाहतो तर आबांची माणसं आमच्या अंगणात भारे झोडत होती. दुपारपर्यंत पेंढ्याची उडवी जिन्याच्या खिडकीला टेकली आणि तळमजल्यावरच्या बँकवाल्यांची स्कूटर तिच्यामागे दिसेनाशी झाली.

हे बँकवाले म्हणजे नियमाचे पक्के. बादली गळाली तरी "याला जबाबदार कोण?" असं विचारणारे. ते तणतणत आबांकडे गेले.

"हे अंगण सोसायटीचं आहे!"

"आसंल की. पन ते माज्या जमिनीवर हाय ना?" आबा शांतपणे म्हणाले.

मग शोधाशोध झाली तेव्हा उलगडा झाला. बिल्डरने आम्हाला सांगितलं होतं, कंपाउंड तुमचं. आणि आबांना सांगितलं होतं, खळ्याला आणि लग्नकार्याला अंगण तुमचंच. एकच अंगण त्याने दोघांना तोंडी देऊन टाकलं होतं. करारात अंगणाचा शब्दसुद्धा नव्हता आणि बिल्डर कल्याणच्या बाजूला दुसरी इमारत बांधायला निघून गेला होता.

पेंढा गेला, स्कूटर सापडली. आम्हाला वाटलं, मिटलं. तोवर उन्हाळा आला आणि आबांच्या नातीचं लग्न ठरलं. एका शनिवारी सकाळी जिन्यासमोर खड्डे खणायला सुरुवात झाली. बँकवाले टॉवेलवरच धावत बाहेर आले.

"आबा, हे बेकायदेशीर आहे!"

आबा गोरेमोरे झाले. "बेकायदेशीर कसं वो? पोरगी अठराची पुरी हाय. शाळेचा दाखला हाय."

"लग्न नव्हे, मांडव! मांडव बेकायदेशीर!"

"मांडवाला पन दाखला लागतो?"

बँकवाले तडक कर्जतला वकिलाकडे गेले. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरची लग्नपत्रिका त्यांच्यापुढे सरकवली. "सोमवारी बघू. उद्या मी तिकडे जेवायलाच येतोय."

बँकवाल्यांनी मग स्वतःच बंदोबस्त करायचं ठरवलं. मांडव अंगणात असेल, पण जिना आपला, एकही वऱ्हाडी वर जाता कामा नये. रविवारी सकाळी ते पांढराशुभ्र झब्बा-लेंगा घालून जिन्याच्या पायरीशी खुर्ची टाकून बसले. चेहरा कमालीचा करारी.

तिथेच घोटाळा झाला. वऱ्हाडाचा टेम्पो आला, मुलाकडची मंडळी उतरली आणि मांडवाच्या तोंडाशी एवढा रुबाबदार गृहस्थ बसलेला पाहून नवऱ्याच्या चुलत्याने थेट त्यांना मिठी मारली. हातात नारळ दिला, डोक्यावर टोपी चढवली.

"अहो, मी इथे फक्त राहतो!" बँकवाले गुदमरून म्हणाले.

"म्हंजे घरचंच की!" चुलत्याने त्यांना आणखी एकदा आवळलं.

मी हे सगळं वरून गॅलरीतून पाहत होते. आमचे हे शेजारी हसून हसून खाली बसले होते. तेवढ्यात आबांची म्हातारी जिन्याच्या खालून मला हाक मारू लागली. "बाई गं, पोरीला साडी नेसवायला जागा नाय. मांडवात बाप्यांचीच गर्दी." मी बँकवाल्यांकडे पाहिलं. ते टोपी घालून, नारळ धरून बसले होते. त्यांना काही म्हणण्याची सोयच उरली नव्हती. मी नवरीला वर घेतलं.

आमच्या खोलीत तिची वेणी घातली, मुंडावळ्या बांधल्या. ती गॅलरीत येऊन खाली पाहत उभी राहिली. "हितंच खळ्यात लोळायचो आमी," म्हणाली, "अंगाला भाताचं कूस लागायचं. आय लय मारायची." आणि एकदम रडायला लागली. तोवर त्या अंगणाचा मी फक्त वाळवणासाठी विचार केला होता. मग मीही थोडी रडले, तेव्हा बरं वाटलं.

खाली नवऱ्याचा मामा रुसला होता. त्याला चहा गार मिळाला होता. तो जिन्यावर जाऊन बसला आणि उठेना. आबा हात जोडून थकले. शेवटी बँकवाले उठले, त्याच्या शेजारी बसले आणि बँकेत गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाले, "आपली तक्रार योग्य आहे. तिची नोंद घेण्यात आलेली आहे. नवीन चहा मंजूर होत आहे." त्यांच्या बायकोने आतून कडक चहा आणला. मामा इतका खूश झाला, की अक्षता टाकताना बँकवाल्यांचा हात धरूनच उभा राहिला.

पंगतीत आबांनी बँकवाल्यांना आग्रह करकरून जिलेबी वाढली. ते विरोध करायचे विसरले होते.

पुढल्या आठवड्यात गच्चीवर बैठक बोलावली. आबांची वाट पाहतो आहोत, आबा येईनात. खाली पाहिलं तर ते वहाणा काढून पहिल्या पायरीशी उभे.

"वर या ना, आबा!"

"येऊ का? नाय, जिना तुमचा हाय. बोलावल्याबिगर कसं चढायचं?"

एवढ्या दिवसांत ते एकदाही जिन्यावर चढले नव्हते, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं. बँकवाले स्वतः खाली जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आले.

त्या दिवशी सगळं ठरलं. झोडणीचे दिवस आणि घरचं लग्नकार्य आबांचं, एरवी अंगण आमचं. स्कूटरची जागा कायम, पेंढा तिच्यापासून दूर. मसुदा बँकवाल्यांनी लिहिला, त्याच वकिलांनी तपासला आणि तो रीतसर नोंदवून घेतला. शेवटचं कलम बँकवाल्यांच्या हट्टाने घातलं: मांडव पडल्यास इमारतीतील सर्व सभासदांस पंगतीस बोलावणे मालकावर बंधनकारक राहील.

म्हणून मी नव्या लोकांना सांगते, बिल्डर काय म्हणतो ते ऐका, पण ज्याची जमीन आहे त्याच्या ओटीवर जाऊन चहा घ्या. त्याला काय सांगितलंय ते विचारा. अंगण, विहीर, वाट, झाडं सगळं कागदावर आणा. बहुतेक जण मान डोलावतात आणि विचारतात, "पण नव्याण्णव वर्षांनी काय?"

त्याचं उत्तर मला अजून ठाऊक नाही. आम्ही तिथे चोवीस वर्षं राहिलो आणि आबांच्या घरच्या सात लग्नांत जेवलो.