बिरूमामांचं नाव त्या रिपोर्टमध्ये नाही

बिरूमामा आज सकाळी गेले, आणि काही लोकांनी आज तरी तोंड बंद ठेवावं.

"निसर्गाचा सच्चा सेवक हरपला." आमच्या प्रोजेक्टच्या मुख्य सरांची पोस्ट. खाली हात जोडलेले इमोजी.

सर, जिवंतपणी तुम्ही त्यांना काय म्हणायचात? "तो मेंढरंवाला."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

मंगळवेढ्याकडच्या माळावर एक गुहा आहे, आत वटवाघळं. थर्मल कॅमेऱ्याने ती मोजायला आम्ही सोलापूरहून जायचो. दिवेलागणीला ती बाहेर पडतात, आणि अंगाच्या उष्णतेमुळे अंधारातही स्क्रीनवर पांढरी दिसतात.

पहिल्याच दिवशी आकडा बघून सर जाम खूश. एवढी मोठी वसाहत!

मामा तिथेच मेंढरं राखायचे. स्क्रीनकडे बघत म्हणाले, "बाई, माघारी आत शिरल्याली कुणी वजा केली?"

कुणीच नाही. तीच वटवाघळं घिरटी मारून आत जात होती, आणि बाहेर आली की आम्ही शहाणे त्यांना परत मोजत होतो.

"आमी वाघरीच्या तोंडाला दोघं हुबं ऱ्हातो. एकानं भाईर पडल्याली मोजायची, दुसऱ्यानं माघारी वळल्याली. मेंढरू काय आन् ह्ये काय."

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं.

तसं केलं. आकडा निम्म्यावर आला. सरांचा चेहरा बघण्यासारखा होता.

रिपोर्टमध्ये ही पद्धत दोन पानं भरून आहे. मामांबद्दल एक ओळ: "स्थानिक मजुरांचे सहकार्य लाभले."

मी नाव टाकलं होतं. सरांनी खोडलं. "सायन्समध्ये असं चालत नाही." आणि मी गप्प बसले. नोकरी टिकवायची होती ना!

छापील कॉपी द्यायला मीच गेले.

"माजं नाव हाय न्हवं?"

"आहे की, मामा."

धडधडीत खोटं बोलले. त्यांनी ती कॉपी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवांशेजारी ठेवली. आल्यागेल्याला दाखवायचे.

गेल्या महिन्यात फोन आला.

"बाई, नातीनं दोनदा वाचलं. नाव काय घावंना. बारीक अक्षरात आसंल, व्हय?"

"हो मामा. बारीक अक्षरात आहे."

ते म्हणाले, "मग बरं हाय."

सर, तुमच्या पोस्टखाली मी एक कॉमेंट टाकलीय. गुहेच्या तोंडाशी उभं राहून वटवाघळं कशी मोजायची, हे आम्हाला बिरा सिदू लवटे यांनी शिकवलं. आता हेही खोडा.

मामा, बारीक अक्षरातही नव्हतं. माफ करा.

शेवटचा नमस्कार.