पॉलिसीचं पहिलं पान

आमच्या मोठेबाबांनी आयुष्यात कुठल्याही कागदाचं पहिलं पान वाचलेलं नाही. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. नेरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधायच्या कारखान्यात, त्यांनी उभा जन्म ग्रेडर म्हणून कापूस पाहिला. बाजारात आलेल्या गाडीत वरचा कापूस नेहमीच पांढराशुभ्र, कोरडा, लग्नाला निघाल्यासारखा नटलेला असतो. ओला आणि किडका माल तळाशी दडपलेला. म्हणून मोठेबाबा कोपरापर्यंत हात खुपसून तळातली मूठ बाहेर काढायचे, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ताणायचे, तळहातात दाबून ओलावा ओळखायचे आणि गाडीवाल्याकडे अशा नजरेनं बघायचे की तो न सांगता भाव कमी करायचा. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, हात मात्र अजून तळातच जातो. लग्नपत्रिका ते ‘आपले नम्र’पासून वर वाचत जातात आणि नवरा-नवरीपर्यंत पोहोचायच्या आधीच त्यांना झोप लागते. पोह्यांची बशी समोर आली की चमचा थेट बुडाशी. “वरतून खोबरं तं सारेच टाकतात, खाली कांदा जळला का थे पाहा.” मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, पाहुण्यांसमोर हमखास सांगते, “मले पाहायले आले होते ना, तं आधी रांधणीत जाऊन माह्या मायले पाहून आले.”

माणसांचीही ते प्रतवारी करतात. नवीन जावयाला त्यांनी ‘धागा लांब, ताकद कमी’ असा शेरा दिला होता, तो पुढे तंतोतंत खरा निघाला, आणि मोठीआई त्यावरून अजून त्यांच्याशी भांडते. माझ्याबद्दल त्यांचं मत मी दाराआडून ऐकलेलं आहे. मी यवतमाळच्या इंग्रजी शाळेत शिकले, घरात कमी बोलते, आणि पाहुणे आले की मला एकदम गच्चीवरचे कपडे आठवतात. ते बाबांना म्हणत होते, “माल एक नंबर आहे लेका, पण गाठ लय आवळून बांधेल आहे.” जिनिंगमधून कापसाच्या गाठी निघतात तशा. मला राग यायला हवा होता. पण कुणीतरी इतकं नीट पाहिलं याचं मला बरंच वाटलं.

ती गाठ आणखी आवळली गेली गेल्या वर्षी. यवतमाळहून नेरला येताना आमची बस एका वळणावर घसरली आणि तुरीच्या शेतात जाऊन आडवी झाली. मी आणि मोठेबाबा शेजारी शेजारी बसलो होतो. देवदयेनं कुणी दगावलं नाही. मला कोपराला खरचटलं आणि मोठेबाबांची डावी चप्पल हरवली. त्या चपलेची गोष्ट त्यांनी महिनाभर साऱ्या नेरला सांगितली: बस आडवी झाली, आणि पुढच्याच वाक्यात आपण एका चपलेवर तुरीतून लंगडी घालत कसे बाहेर आलो, शेतमालक “माही तूर, माही तूर” करत कसा धावत आला. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचे. फक्त त्यानंतर मला बसमध्ये चढता येईना. पायरीवर पाय ठेवला की हात गार पडायचे, कानात काचा फुटायच्या. माझी नोकरी यवतमाळला. ऑफिसनं दिवाळीपर्यंत घरून काम करायची मुभा दिली, त्यानंतर रोज यायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

मी गुपचूप यवतमाळच्या एका मानसोपचार करणाऱ्या मॅडमकडे जाऊ लागले. घरी सांगितलं, दात दुखतो. बाबा मोटारसायकलवर सोडायचे. चौथ्या खेपेला मोठेबाबांनी मला ओट्यावर गाजर खाताना पाहिलं. “दात दुखणारा माणूस असा गाजर नाई खात,” ते म्हणाले, आणि मग दुसरीकडे बघत, “त्या दिवशीच्या बशीचं आहे का?” मी मान हलवली. पुढच्या आठवड्यापासून बाबांची सुट्टी झाली आणि मोठेबाबांची जुनी स्कूटर रुजू झाली. ती स्कूटर इतकी सावकाश चालते की मागून आलेले सायकलवाले आमची खुशाली विचारून पुढे जायचे. मी एकदा म्हटलं, “मोठेबाबा, तुम्ही तरी बसनं या, मी बाबांसोबत येते.” तर म्हणाले, “कायले? बशीत हवा नाई लागत.”

मॅडमनी सांगितलं होतं की ही आठ-दहा बैठकांची तरी गोष्ट आहे. मध्येच सोडली तर अर्ध्यावर उघडलेली जखम तशीच राहील. माझ्या पगारात तेवढं बसत नव्हतं. “ऑफिसचा आरोग्य विमा असेल ना? त्यात बघ,” त्या म्हणाल्या. बघायचं म्हणजे फोन करायचा, आणि फोनवर कुणा अनोळखी माणसाला सांगायचं की मला बसची भीती वाटते. त्यापेक्षा मी चालत पुसदला गेले असते. पण मोठेबाबांनी झेरॉक्सच्या दुकानातून पॉलिसी छापून आणली, चांगली जाडजूड, आणि अर्थातच उलटी धरली.

सात दिवस आम्ही ती तळातून वर वाचली. इंग्रजी मी वाचायची, मराठी मी करायची, आणि मोठेबाबा प्रत्येक कलम अंगठ्यांत धरून ताणायचे. शेवटच्या पानांवर विमा कशाकशाला मिळणार नाही त्याची यादी होती. “युद्धात जखमी झाली तं भेटणार नाई,” ते गंभीरपणे म्हणाले. “ध्यानात ठेव.” मग मधल्या पानावर एक वाक्य निघालं, की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरलं जाईल. त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि मोठीआईला हाक मारली. “ऐकलं का वो! मनाले आन गुडघ्याले एकच कायदा आहे!” मोठीआई आतून म्हणाली, “मंग माह्या गुडघ्याकडेही पाहा जरा.” पण लगेच वरच्या ओळीत अट सापडली: निदान चोवीस तास दवाखान्यात भरती असलं पाहिजे. माझा चेहरा पडला. मोठेबाबांचा उजळला. “एवढंच ना? होऊन जाऊ भरती!”

आणि पुढच्या मंगळवारी आम्ही खरोखरच सतरंजी, थर्मास, मोठीआईनं दिलेला मुगाच्या खिचडीचा डबा आणि उशी घेऊन स्कूटरवरून निघालो. मॅडमच्या खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल आणि कुंडीतलं एक झाड आहे. मोठेबाबांनी सतरंजी कुठे पसरता येईल याचा अंदाज घेतला आणि म्हणाले, “मॅडम, हिले चोवीस तास भरती करून घ्या. मी बाहेर पायरीवर बसतो, तुमाले काही तरास नाई.”

मला कुंडीच्या मागे लपावंसं वाटलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत, निदान लगेच नाही. त्यांनी कागद मागितले, चाळले आणि विचारलं, “पहिलं पान कुठाय? कुणाला काय लागू आहे ते त्यावर असतं.”

मोठेबाबांनी हळूच बंडीच्या खिशातून एक पुडी काढली. नमुन्याचा कापूस कागदात गुंडाळून खिशात ठेवायची सवय त्यांची अजून गेलेली नाही; घरच्या शेतातल्या पहिल्या वेचणीचा कापूस त्यांनी पॉलिसीच्या पहिल्या पानात बांधला होता. “वरचा थर होता,” ते पुटपुटले. “वरच्या थरात काय राहते?”

मॅडमनी कापूस जपून टेबलावर ठेवला आणि सुरकुतलेला कागद माझ्यापुढे केला. “तूच वाच.” मी वाचलं. पहिल्या पानावर, माझ्या नावाखाली, पाचव्या ओळीत होतं: भरती न होता घेतलेला उपचार, त्यात नोंदणीकृत तज्ज्ञाकडच्या मानसोपचाराच्या बारा बैठका, डॉक्टरची चिठ्ठी आणि आधी घेतलेली मंजुरी असेल तर. सात दिवस मी ज्या ओळीच्या आशेनं युद्ध आणि भूकंप वाचत होते, ती बसस्टँडच्या पाटीइतकी समोर होती. मॅडम आता हसल्या. मीही. सगळ्यात मोठ्यानं मोठेबाबा. “हत् तिच्या! पहिल्यांदा गाडीवाला इमानदार निघाला!”

चिठ्ठी आली. मंजुरीचा फोन मी त्याच खोलीतून केला. पलीकडच्या मुलीनं ‘कशासाठी उपचार?’ विचारलं आणि मी सांगितलं, अपघाताच्या धक्क्यासाठी. ती म्हणाली, “ठीक आहे मॅम,” जसं काही मी गुडघा म्हटलं होतं. मोठेबाबांनी स्पीकरवरून ऐकून तिची प्रत लावली: “आवाज बारीक, पण पक्का.”

उपचार म्हणजे तो दिवस त्या खोलीत बसून हळूहळू, परत परत सांगायचा. मी दर वेळी चपलेपासून सुरू करायची. मॅडम शांतपणे म्हणायच्या, “बसमध्ये चढलीस तिथून सांग.” आमच्या घराण्याला ते किती अवघड आहे हे त्यांना काय माहीत. पण जमत गेलं. मग स्टँडवर नुसतं उभं राहायचं, मग उभ्या बसमध्ये पाच मिनिटं बसायचं. मोठेबाबा खाली फलाटावर उभे राहून कंडक्टरला समजवायचे, “जाणार नाई ती कुठं, बसून पाहून राह्यली.”

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी ऑफिससाठी बसमध्ये चढले. मोठेबाबा या वेळी फलाटावर न थांबता सोबत चढले. शेजारी बसून त्यांनी माझा हात धरला. “भेऊ नको. मी आहो ना.” बस निघाली. मी श्वास मोजत होते, खिडकीबाहेर पाहत होते, आणि मला जमत होतं. ते वळण आलं. तुरीला पिवळी फुलं लागली होती. तेव्हा मोठेबाबांनी दुसरा हात समोरच्या दांडीला घातला आणि माझी बोटं आवळली. मग सगळं एकेक करून लक्षात आलं: ती स्कूटर, ती बशीत न लागणारी हवा, आणि महिनाभर सांगितलेली ती गोष्ट, जिच्यात आडवी झालेली बस आणि चप्पल यांच्यामध्ये कधीच काही नव्हतं.

मी त्यांचा तळहात त्यांच्यासारखाच दाबून पाहिला. “मोठेबाबा, ओलावा जास्त आहे.”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. “मंग भाव कमी कर,” म्हणाले, पण हात सोडवला नाही.

पॉलिसीच्या त्या पहिल्या पानावर नाव माझं एकटीचं आहे. माझ्या तीन बैठका अजून शिल्लक आहेत आणि त्या कुणाला देता येत नाहीत, मी फोन करून विचारलं. मॅडमकडे चला म्हटलं की मोठेबाबांना एकदम पोह्यातला कांदा आठवतो आणि ते रांधणीकडे निघतात. पण त्या सोमवारी, वळण मागे पडल्यावर, मी त्यांना म्हटलं, “त्या दिवशी आपण बसमध्ये चढलो ना, तिथून सांगा.”

यवतमाळ जवळ येईपर्यंत ते रस्त्याकडेच्या कापसाला शेरे देत राहिले. मग, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. “स्टँडवर तू मले शेंगदाण्याची पुडी देल्ली होती,” ते म्हणाले. “गरम होते शेंगदाणे.”