पान वाचून झालं, आता सांग

शकूताई गेल्याचं मला फोनवर कळलं, आणि फोन मी जन्मात पहिल्यांदा कानाला लावला तो त्यांच्याच बातमीसाठी. सकाळची वेळ, नळाला पाणी यायचं होतं, कळशी लाइनीत ठेवून मी उभी, आठवा महिना संपत आलेला, उभ्या उभ्या धाप लागत होती, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या दुकानातनं शेठनं हाक मारली, भाभी, पालघरसे फोन है. मला कोण फोन करणार? दुकानापर्यंत जाईस्तोवर नको नको ते मनात आलं, सगळं आमच्या ह्यांच्या कंपनीतलं, तारापूरच्या कंपनीत काय ना काय होतच असतं... रिसीव्हर मी उलटा धरला. शेठनं सरळ करून दिला. पलीकडं ताईंचा भाचा विलास होता. मावशी पहाटे गेली म्हणाला, तुम्हाला कळवायला सांगून ठेवलं होतं तिनं. मी नुसतं हं म्हटलं असंल. ज्या बाईनं सगळी नोकरी पालघरच्या टेलिफोन एक्सचेंजात लोकांचे फोन जोडून देण्यात काढली, तिची बातमी घ्यायला मी, फोन उलटा धरणारी.

त्याला आता दोन महिने होऊन गेले. विलास म्हणाला, तुम्हीच लिहा, शेवटी शेवटी तुम्हीच होतात तिच्याजवळ. मी सातवी शिकलेली. मला लिहायला येत नाय, सांगायला येतं, तेबी ताईंमुळं. म्हणून जसं त्यांना सांगायचे तसंच लिहिते.

माझं माहेर मुरबे. समुद्राकडचं गाव, आमी बोंबील सुकवणारे. लग्न करून बोईसरला आले ते सातारकडच्या माणसांत. आमच्या चाळीत सगळीकडची माणसं, खानदेशातली, सोलापूरची, यूपीची, आणि सगळी एकमेकांशी मोडकी हिंदी बोलायची. मी तोंड उघडलं की बायका हसायच्या. वाईट मनानं नाय हसायच्या, पन हसायच्या. म्हणायच्या, सुमन बोलली की मासळीबाजारात आल्यासारखं वाटतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या पोरीच्या, पिंकीच्या बारशाला आल्या तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पोरीसंगट तुजं ते कोळ्यावानी बोलू नगंस, उद्या शाळंत तिला कोन उभं करंल? बालवाडीच्या बाईबी ह्यांना तेच म्हणाल्या, घरात नीट मराठी बोला. आता नीट मराठी मला कुठं येत होतं? मंग मी एकच केलं. पिंकीसमोर गप्प राह्यले. न्हाऊ घालायचे तेबी गप्प, भरवायचे तेबी गप्प, थोपटायचे तर नुसता हात चालायचा. माझी बोली तिला लागू नये म्हणून. हे शिफ्ट करून यायचे ते जेवून झोपायचे. तीन वर्षांची झाली पोर, आणि तिच्या तोंडातनं शब्द नाय. ऐकू सगळं यायचं. डोळे हे एवढे मोठे करून बघायची. चाळीत तिला मुकी म्हणायला लागले, आणि मी रोज नवस बोलायची, तोबी मनातल्या मनात.

शकूताई आमच्या चाळीत तळमजल्याला, शेवटच्या खोलीत. रिटायर झाल्यावर पालघर सोडून इकडं स्वस्तात खोली घेतलेली. लग्न केलं नव्हतं. साखरेनं डोळे गेलेले, उजेड-अंधार तेवढा कळायचा. खोलीत पलंग, एक स्टूल, स्टो, आणि बाकी भिंतीला लावून पुस्तकं. गोष्टींची नाय. सगळी भाषेची पुस्तकं. भाषा कशी होते, एक भाषा दुसरीत कशी नेतात, कुठला शब्द कुठनं आला, असली. एकदा मी रॉकेलच्या लाइनीत उभी, हातात गुळाचा कागद, म्हणजे पेपरचा तुकडा, तो आपला पुटपुटत वाचत होते. ताई दारात बसलेल्या. म्हणाल्या, कोण वाचतंय गं? मी घाबरले, मला वाटलं कायतरी चुकलं. तर म्हणाल्या, आत ये आणि मोठ्यांदा वाच. दुपारी येत जा.

मंग दुपारी जायची. पिंकीला काखेत मारून जायची, ती पलंगाखाली जाऊन बसायची, तिथं ताईंच्या सपाता होत्या त्यांच्याशी खेळायची. मी वाचायची. पहिले दिवस नुसतं वाचलं, अक्षराला अक्षर जोडून, काय कळत नव्हतं, दम लागायचा, एवढी लांब लांब वाक्यं. ताई पलंगावर भिंतीला टेकून, डोळे मिटून. चष्मा त्यांना काय कामाचा नव्हता पन हातात असायचा, सवय. एक दिवस मधेच थांबवून त्यांनी विचारलं, ही तुझी मुलगी बोलत का नाही?

मी म्हटलं, नाय बोलत.

"तू कुठल्या बोलीत बोलतेस तिच्याशी?"

"मी नाय बोलत. माझी बोली लागेल तिला."

ताईंनी चष्म्याची काडी उघडली, मिटली. मला वाटलं आता मला झापतात. मंग एवढंच म्हणाल्या, "लागू दे की."

आणि त्या दिवसापासनं नवीन नियम केला. पान वाचून झालं की चष्म्यानं पलंगाच्या लोखंडी दांडीवर टकटक करायच्या आणि म्हणायच्या, आता सांग. म्हणजे जे वाचलं ते माझ्या मुरब्याच्या बोलीत सांगायचं. पुस्तकातला एकबी जड शब्द घ्यायचा नाय. मी म्हटलं, ताई मला वाचलेलं कळलंच नाय तर सांगू काय? तर म्हणाल्या, मग परत वाच. सांगता येत नसेल तर एक तर लिहिणाऱ्याला कळलेलं नाही, नाहीतर आपल्याला. कोणाला ते बघू. आणि हसल्या. लाजत लाजत मी सांगायची. आधी चार शब्द, मंग जास्त. ताई भांडायच्यासुद्धा. एकदा एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत नेताना काय होतं ते वाचलं, तीनदा वाचलं, शेवटी मी सांगितलं, ताई, ओला बोंबील हाय तो गावातच खायचा. लांब धाडायचा तर सुकवायला लागतो. पाणी जातं, बोंबील राहतो. ताई म्हणाल्या, बरं, आणि जे पाणी गेलं ते कुठं लिहायचं? ते मी अजून शोधते.

तेच सांगत होते मी, दुसऱ्यांदा, आणि पलंगाखालनं आवाज आला, बोंबील.

मी वाकायला गेले तर ताईंनी माझा दंड पकडला. डोळे नव्हते पन पकड अशी की बस्स. हळू म्हणाल्या, बघू नको. वाच. मी वाचायला लागले, अक्षरं पाण्यात गेल्यासारखी हलत होती. खालनं परत आलं, बोंबील, बोंबील, सपातेला सांगत होती ती.

त्यानंतर पिंकी बोलायला लागली, पन त्या खोलीत. आये म्हणायची मला, माझ्यासारखीच हेल काढून. ताईंना म्हणायची, शकू, सांग. आणि खोलीचा उंबरा ओलांडला की बंद. घरी तीच मुकी पोर. ताई म्हणाल्या, तिला काय वाटतं माहीत आहे? बोलायची जागा ही, आणि घर ही गप्प बसायची जागा. शहाणी आहे, जे बघितलं ते शिकली. तू घरी बोल, ती बोलेल. मी हो म्हणायची, घरी जायची, आणि तोंड उघडायचं नाय. तोवर दुसऱ्या खेपेला दिवस गेलेले, आत्याबाई माझ्या बाळंतपणाला आधीपासनंच येऊन राहिलेल्या, सुपात तांदूळ घेऊन दारात बसलेल्या असायच्या, त्यांच्यासमोर माझी जीभच वळायची नाय. आणि त्यांनी ठरवून टाकलं होतं. बाळंतपण झालं की पोरीला मी गावाकडं घेऊन जाते, तितं चार मान्सांत बोलंल, हितं दोन पोरं हिला झेपायची न्हाईत. हेबी मान हलवायचे. मी रात्रंदिवस त्याच भीतीत. सांगू तरी काय, की पोर बोलते पन दुसऱ्याच्या खोलीत?

ताईंना मी शेवटचं भेटले ते विलास त्यांना पालघरला दवाखान्यात नेणार होता त्या दिवशी. पाय सुजलेले, श्वास लागलेला, आमी दोघी समोरासमोर धापा टाकत बसलेलो. म्हणाल्या, राहिलेलं पुस्तक घरी ने. घरी वाच. मी म्हटलं, ताई, घरी आत्याबाई हायत. तर म्हणाल्या, मग त्यांनाही ऐकू येईल, फुकटात. मंग म्हणाल्या, "तुझी सासू कुठलं पुस्तकातलं बोलते गं? आयुष्यभर ट्रंक लाइनीवर ऐकलंय मी. पुस्तकातलं कोणीच बोलत नाही." बोलता बोलता दमल्या. पिंकी त्यांच्या मांडीवर चढून चष्म्याशी खेळत होती. टॅक्सी आली.

त्या गेल्यावर विलासनं पुस्तकं टेम्पोत भरून नेली. मला विचारलं, तुम्हाला काय पाहिजे. मी ते अर्धं राहिलेलं पुस्तक घेतलं. चष्मा पिंकीच्या मुठीतच होता, तो कोणी मागितला नाय. खोलीला कुलूप लागलं. पिंकी त्या दारापाशी जाऊन उभी राहायची, कडी हलवायची, आणि परत यायची. आवाज नाय. एक आठवडा गेला. मला वाटलं, ताईंनी नेलं, माझ्या पोरीचं बोलणं संगट नेलं. आत्याबाईंनी तिची फ्रॉकं वेगळ्या पिशवीत भरून ठेवली.

मंग एका दुपारी, आत्याबाई दारात तांदूळ निवडत, मी पलंगावर पडलेले, पाय उशीवर, अंग असं जड की कूस बदलायला दोनदा विचार करायचा. पिंकीनं ते पुस्तक ओढत आणलं आणि माझ्या छातीवर टाकलं. आणि चष्म्यानं पलंगाच्या दांडीवर टकटक केलं.

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या बघत होत्या.

परत टकटक.

मी पुस्तक उघडलं, जिथं होतं तिथनं. एक पान वाचलं. मंग पुस्तक पोटावर उलटं ठेवलं आणि सांगायला लागले, मुरब्याच्या बोलीत, जशी माझी आय मला सांगायची तशी. की बघ पोरी, शब्द हाय ना तो माणसासारखाच, लग्न करून दुसऱ्या गावाला जातो, तिथं त्याला हसतात, मंग तिथलाच होतो. मला रडू येत होतं पन सांगत राह्यले, थांबले असते तर परत सुरू झाले नसते. सुपातले तांदूळ थांबले होते. आत्याबाई म्हणाल्या, ह्ये काय सांगतीयास तिला?

मी तोंड उघडायच्या आत पिंकीनं सांगितलं. मोठ्यांदा, हेल काढून, "आये गोष्ट सांगते हाय. तू गप गो."

आत्याबाई तोंडावर हात ठेवून बसल्या. म्हणाल्या, आगं बया, ही तर तुज्यावानीच बोलती. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी सूप बाजूला सारलं, पदर डोळ्याला लावला, आणि म्हणाल्या, सांग पुढं. मलाबी ऐकू दे.

मुलगा झाला. सवा महिना झाला आणि आत्याबाई गेल्या गुरुवारी गावाला गेल्या, एकट्याच. पिशवीतली फ्रॉकं त्यांनीच परत खुंटीला लावली. जाताना पिंकी त्यांच्याशी त्यांच्यासारखं बोलत होती, का वं जाताय, कवा येनार, आणि माझ्याशी माझ्यासारखं. कुठनं शिकते, किती भराभर, मला कळत नाय. ताईंना विचारलं असतं.

शकूताईंच्या खोलीत आता एक बिहारी जोडपं राहायला आलंय. त्यांचा रेडिओ वाजत असतो. त्या दारावरनं मी मान खाली घालून जाते. पुस्तक संपत आलंय, थोडीच पानं उरली, मी मुद्दाम हळू वाचते. दुपारची वेळ असते, बाळ अंगावर पीत असतं, रात्रभर जागलेली असते मी, भांडी पडलेली असतात, आणि जरा डोळा लागतो न लागतो तोच दांडीवर टकटक होतं. वाटतं, आज नको गं. आज राहू दे.

परत टकटक.

डोळे मिटलेलेच असतात माझे. मी सांगते.